गॅस गेलाय

पुण्यात घरचा एसी गार करेनासा झाला की माणूस येतो, स्टुलावर चढतो आणि उतरता उतरता म्हणतो, "साहेब, गॅस गेलाय." प्रस्तुत लेखक हे वाक्य ऐकतच मोठा झाला. त्यामुळे गेल्या जुलैत ॲरिझोनातल्या पेज गावी, ट्रेलरच्या छपरावरून उतरलेल्या मेकॅनिकने तेच वाक्य इंग्रजीत उच्चारलं तेव्हा संशय येण्याऐवजी त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्या जिव्हाळ्याचे ३८५ डॉलर पडले.

ट्रेलर सेकंडहँड, २६ फुटी. छपरावर १३,५०० बीटीयूचा एकुलता एक एसी. सोबत बायको आणि पॉवेल सरोवर बघायला सांगलीहून आलेले सासू-सासरे. लेखक फिनिक्सला राहतो, तिथे २०२३ साली सलग ३१ दिवस दुपारचा कमाल पारा ११० फॅरनहाइटच्या खाली राहिला नव्हता. पेजला जुलैत शंभरच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या हिशेबी सुखाचंच. पण पत्र्याच्या डब्याला हा हिशेब कळत नाही. दुपारी दोनला सासूबाई म्हणाल्या, "सांगलीत मे महिन्यात निदान झाडाखाली बसता येतं." एवढंच, आणि एकदाच.

सासरे वीज मंडळातून निवृत्त झालेले. पहिल्याच संध्याकाळी झरोक्यातला वारा मंदावत गेला आणि रात्री नुसती फुंकर उरली, तेव्हा ते म्हणाले होते, "जावईबापू, व्होल्टेज बघितलं काय?"

"बाबा, इथं तसलं काही नसतं," असं उत्तर प्रस्तुत लेखकाने दिलं. ते इथे नोंदवून ठेवणं भाग आहे.

मेकॅनिक आला, वर गेला, पाच मिनिटांत खाली आला. आतली जाळी काढून बघितली नाही, हवा कुठे किती गार येते ते मोजलं नाही. कॉइलवर बर्फ धरलाय, म्हणजे गॅस कमी, असं निदान. पुन्हा वर जाऊन 'गॅस भरला', कार्ड घासलं, गेला. दुसऱ्या दिवशी रात्री तीच फुंकर. तिसऱ्या दिवशी परत आला तो थेट म्हणाला की कॉम्प्रेसर संपला, नवा एसी बसवून २,१०० डॉलर, आणि आजच ठरवा. मग आधी भरलेल्या गॅसचं काय झालं, असं विचारलं. तो हसला. "तुम्हाला गारवा हवाय की वाद घालायचाय?" हे वाक्य लेखकाच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही; एसी दुरुस्त होऊन वर्ष होत आलं तरी.

त्याला वाटेला लावल्यावर सासऱ्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून मल्टिमीटर आणायला लावला. दुपारी तीनला कॅम्पग्राउंडच्या खांबावर १०३ व्होल्ट. सकाळी सातला ११८. "आमच्याकडं दोनशेतीसचं दोनशे झालं की विहिरीवरची मोटर कुरकुरते. तुमच्या एकशेवीसचं एकशेतीन झालं तर ती काय गाणं म्हणेल?" सगळे ट्रेलर एकदम एसी लावतात, वायर तीच, दाब पडतो. १०५ च्या खाली कॉम्प्रेसर चालवत राहणं म्हणजे त्याच्या मुळावर येणं. खांब आणि ट्रेलर यांच्यामध्ये, दाब पडला की आपोआप वीज तोडणारं उपकरण मिळतं. ते आधी घ्या, बाकीचे शोभेचे दिवे नंतर. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि विजेवरचं गरम पाणी लावू नका. आणि एसी बंद केला की पाच मिनिटं थांबूनच लावा.

पण बर्फाचं कारण व्होल्टेज नव्हतं. ते छतात होतं.

आतलं झाकण चार स्क्रूंवर असतं. ते काढलं तर जाळीवर आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस, गोधडी शिवावी इतके. त्याच्या वर गार हवेची वाट आणि परतीच्या हवेची वाट यांच्यामधला फोमचा पडदा एका बाजूने सुटलेला. एसी स्वतःचीच गार हवा परत ओढत होता. कॉइल गोठत होती, बर्फाने वारा अडत होता. गॅस कमी झाला तरी बर्फ धरतो, हे खरं. पण आधी जाळी आणि पडदा बघायचा असतो, कारण ते बघणं फुकट पडतं. मेकॅनिकने नेमकं तेच बघितलं नाही. का, ते वाचकांनी ठरवावं. बर्फ वितळेपर्यंत नुसता पंखा चालवला, जाळी धुतली, फटीवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. स्वयंपाकाच्या थर्मामीटरने आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजली. दुरुस्तीआधी ८ अंशांचा फरक होता, नंतर वीस मिनिटं चालवल्यावर १९. फॅरनहाइटमध्ये १६ ते २२ आला तर यंत्र धड आहे.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. वरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून लेखक तांब्याच्या नळ्या न्याहाळत होता. गॅस भरायला व्हॉल्व्ह लागतो. तो कुठेच नव्हता. नळीचं टोक कारखान्यातच चिमटून डाखलेलं. असे बहुतेक एसी कायमचे बंद करूनच विकतात. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं, यंत्रात एकूण गॅस १९ औंस. खिशातल्या बिलावर लिहिलेलं, गॅस भरला दोन पौंड. म्हणजे ३२ औंस. लेखक त्या तापत्या छपरावर बराच वेळ बसून राहिला.

तेव्हा 'गॅस' शब्द ऐकलात की आधी विचारा, व्हॉल्व्ह दाखवा. पाटीचा फोटो प्रवासाला निघण्याआधीच काढून ठेवा. कॉम्प्रेसर नुसता गुरगुरून बंद पडत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, वीस-तीस डॉलरचा. मात्र वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो, हात घालू नका. आत पाणी टपकलं तर बाहेरून सिलिकॉन थापू नका, पाणी आतच कोंडतं. एसी छपराला धरून ठेवणारे चारही बोल्ट बघा, एसीखालची गादी निम्मी दबलेली हवी, चिरडलेली नव्हे. बाहेरच्या पात्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा. तीन ठिकाणी भाव विचारा, हे सगळेच सांगतात. शंभर अंशांत कोण विचारतं?

कार्ड कंपनीकडे तक्रार चालू आहे. मेकॅनिकने कळवलंय की काम झाल्यावर व्हॉल्व्ह काढून घेतला. गेल्या आठवड्यात पत्र आलं, आणखी पुरावा हवा. सासऱ्यांनी सांगलीहून फोनवर सांगितलं, "पाटीचा फोटो परत पाठवा. ह्या वेळी अंगठा बाजूला घेऊन."