अनेक डिस्कांचे एक कोठार

संग्रह करणे हा मनुष्याचा फार जुना स्वभाव आहे. धान्यासाठी कणगी, दागिन्यांसाठी पेटी व कागदपत्रांसाठी दप्तर अशी सोय आपले पूर्वज करीत आले. आजच्या घरात ह्यांच्या जोडीला आणखी एक संपत्ती साठत असते. आजीच्या तोंडच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, लग्नमुंजीची चित्रफीत, जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली नाट्यपदे, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि आवडीचे चित्रपट ही ती संपत्ती होय. ती एकत्र ठेवण्यासाठी पुष्कळ घरी एक स्वतंत्र संगणक राखून ठेवतात व तो घरातील टीव्हीला किंवा फोनला मागितलेले गीत वा चित्र पुरवितो. ह्या संगणकास मीडिया सर्व्हर म्हणतात. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तर ह्या संग्रहाचे मोल अधिकच वाटेल. चित्रपट बाजारात पुन्हा मिळू शकतो. परंतु बेळगावच्या वा बडोद्याच्या वाड्यात बोलली जाणारी आजीची मराठी एकदा पुसली गेली की कोणत्याही दुकानात मिळत नाही.

असा संग्रह एका हार्ड डिस्कमध्ये मावेनासा झाला म्हणजे अनेक डिस्क जोडून त्यांचे एक सामाईक कोठार करावे लागते. ते कसे योजावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

गरजेचे मोजमाप

कोणत्याही कोठाराचा आरंभ मोजमापाने व्हावा. मिनीडीव्ही जातीच्या फितीवरील एका तासाच्या चित्रणास सुमारे १३ गिगाबाईट जागा लागते. ब्लू-रे तबकडीत सामान्यतः २५ किंवा ५० गिगाबाईट मावतात. आता समजा, एका घरी ६० तासांचे कौटुंबिक चित्रण आहे. त्यास ७८० गिगाबाईट लागतील. छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे मिळून ५०० गिगाबाईट आणि चित्रपट व संगीत ४ टेराबाईट धरू. एकूण ५.२८ टेराबाईट झाले. दरवर्षी एक टेराबाईट भर पडेल असे मानले, तर पाच वर्षांनी हा आकडा १०.२८ होईल. कोठार काठोकाठ भरू नये. पंचमांश जागा मोकळी ठेवावयाची म्हटली तर सुमारे १३ टेराबाईटची सोय हवी.

येथे एक सूचना. डिस्क बनविणारे एक टेराबाईट म्हणजे १० चा बारावा घात, इतके बाईट मानतात. विंडोजसारख्या प्रणाली मात्र २ चा चाळिसावा घात घेऊन हिशेब करतात. म्हणून ४ टेराबाईटची डिस्क संगणकास जोडली की ३.६४ हाच आकडा दिसतो. ह्यात कोणी फसविलेले नसते. मापे दोन आहेत इतकेच.

एकत्र करण्याची कल्पना

१९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या यंत्रात पहिली हार्ड डिस्क आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सर्व मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे मोठ्या व महागड्या डिस्क निघाल्या. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ ह्या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका महाग डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा संच वापरावा, असे त्याचे प्रतिपादन होते. ह्या योजनेस त्यांनी ‘रेड’ हे नाव दिले.

परंतु अनेक डिस्क म्हणजे बिघाडाचे अनेक प्रसंग. प्रत्येक फाईलचे तुकडे करून ते चार डिस्कांवर वाटले आणि दुसरी कोणतीच तजवीज केली नाही, तर चारांपैकी एक बंद पडताच सर्वच फाईली भंगतात. म्हणून संचात काही जागा नुकसान भरून काढण्यासाठी राखावी लागते.

ती कशी उपयोगी पडते, हे साध्या गणिताने समजेल. संगणकातील सर्व मजकूर ० व १ ह्या दोन अंकांत असतो. समजा, पहिल्या डिस्कवर एका ठिकाणी १, दुसरीवर ० आणि तिसरीवर १ आहे. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहावा की चौघींवरील १ ची एकूण संख्या सम व्हावी. येथे दोन १ आधीच आहेत, म्हणून चौथीवर ० लिहू. आता तिसरी डिस्क नष्ट झाली. उरलेल्या अंकांत १ एकदाच येतो, म्हणजे संख्या विषम आहे. ती सम होण्यास हरवलेला अंक १ च असला पाहिजे. अशा रीतीने अंकामागून अंक लावीत संपूर्ण डिस्क पुन्हा उभी करता येते. ह्या चौथ्या अंकास पॅरिटी म्हणतात.

चार डिस्क, तीन मार्ग

आता वरील कुटुंबाजवळ ८ टेराबाईटच्या दोन व ४ टेराबाईटच्या दोन अशा चार डिस्क आहेत असे समजू. एकूण २४ टेराबाईट झाले. परंतु वापरावयास किती मिळतील हे मार्गावर अवलंबून आहे.

पहिला मार्ग जोड्यांचा. दोन सारख्या डिस्कांवर एकच मजकूर लिहावयाचा. मोठ्या जोडीतून ८ आणि लहान जोडीतून ४ असे १२ टेराबाईट मिळतात. रीत सोपी व भरवशाची. पण निम्मी जागा खर्ची पडते.

दुसरा मार्ग रेड-५ चा. ह्यात मजकूर व पॅरिटी दोन्ही सर्व डिस्कांवर वाटली जातात आणि सर्वांत लहान डिस्कचे माप सर्वांना लागू होते. म्हणून चार वजा एक म्हणजे तीन, गुणिले ४, हे १२ टेराबाईट होतात. मोठ्या डिस्कांतील प्रत्येकी ४ टेराबाईट जागा पडून राहते. दोन डिस्कांचा बिघाड सोसणारे रेड-६ घेतले तर ८ च उरतात.

तिसरा मार्ग वेगळ्या पॅरिटीचा. स्नॅपरेड, अनरेड ह्या प्रणाली तो अवलंबितात. प्रत्येक फाईल एकाच डिस्कवर अखंड राहते आणि एक संपूर्ण डिस्क पॅरिटीस दिली जाते. ती इतर सर्वांहून मोठी किंवा निदान सर्वांत मोठीइतकी असावी लागते. येथे एक ८ ची डिस्क दिली की ८, ४ व ४ मिळून १६ टेराबाईट उरतात. ह्या तीन डिस्क एकाच फोल्डरसारख्या दिसाव्यात अशी व्यवस्था मर्जरएफएससारखे साधन करते. अनरेडमध्ये ती सोय अंगभूतच असते.

आमच्या मते ह्या घरास तिसरा मार्ग सोयीचा आहे. एक तर १३ टेराबाईटची गरज ह्याच मार्गाने भागते. दुसरे, एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी उरलेल्या डिस्कांवरील फाईली शाबूत राहतात. तिसरे, पुढे नवी डिस्क एकेक करून जोडता येते. वेगाची चिंता नको. ४के ब्लू-रेच्या चित्रास सेकंदाला फार तर १६ मेगाबाईट लागतात आणि एकटी डिस्कही त्याच्या अनेक पट देते. मात्र स्नॅपरेडमध्ये पॅरिटी ठराविक वेळीच मोजली जाते. काल रात्री मोजली आणि आज सकाळी आणलेली फाईल दुपारी डिस्कसह गेली, तर ती परत येत नाही. म्हणून क्वचितच बदलणाऱ्या संग्रहालाच ही रीत शोभते.

ज्यांना प्रत्येक अंकाची शहानिशा हवी, त्यांच्यासाठी सन कंपनीने २००५ साली खुली केलेली झेडएफएस ही प्रणाली आहे. ती प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणी-संख्या ठेवते आणि डिस्कने न कळत चुकीचा अंक दिला तर तो ओळखते. तिच्या पॅरिटी-संचात एकेक डिस्क वाढविण्याची सोय पूर्वी नव्हती. ती २०२५ च्या आरंभी निघालेल्या २.३ ह्या आवृत्तीत आली.

काही व्यावहारिक गोष्टी

८ टेराबाईटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाईट ह्या वेगाने पुन्हा भरण्यास सुमारे १५ तास लागतात. ह्या काळात दुसरी डिस्क गेली तर एका पॅरिटीचा उपाय चालत नाही. म्हणून डिस्कांची संख्या वाढली की दोन पॅरिटी ठेवाव्यात. काही डिस्कांत लेखनाचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढविलेले असतात. त्या रेड संचात पुनर्भरणाच्या वेळी फार मंदावतात, म्हणून विकत घेताना चौकशी करावी. प्रत्येक डिस्कच्या खाचेवर तिचा क्रमांक चिकटवून ठेवावा. बिघडलेली समजून चांगली डिस्क उपटली, तर एका संकटाची दोन होतात. चार डिस्कांना मिळून २८ वॅट लागतात असे धरले, तर अखंड चालल्यास महिन्याला सुमारे २० युनिट वीज खर्च होते.

पॅरिटी म्हणजे प्रत नव्हे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. पॅरिटी डिस्कच्या बिघाडापासून वाचविते. परंतु कोणी चुकून फाईल पुसली, घरात पाणी शिरले, वीज पडली किंवा चोरी झाली, तर तिचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी वेगळी प्रतच हवी. जाणकारांचा नियम असा आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर.

सगळ्या १३ टेराबाईटच्या प्रती करणे महाग पडेल, हे खरे. पण आपल्या उदाहरणातील पुन्हा न मिळणारा भाग किती, हे पाहा: चित्रण, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे मिळून केवळ १.२८ टेराबाईट. इतके एका लहान सुट्या डिस्कमध्ये सहज मावते. बडोद्याच्या कुटुंबाने अशी एक प्रत इंदूरच्या काकांकडे ठेवावी आणि काकांची आपल्याकडे आणावी. खर्च थोडा, आणि दोन्ही घरे निश्चिंत. कोठार बांधताना प्रथम बियाण्याची सोय पाहावी, मग इतर धान्याची, हा शेतकऱ्याचा विवेक येथेही तंतोतंत लागू पडतो.

स्वाध्याय

१. ४, ६ व १० टेराबाईटच्या तीन डिस्कांतून रेड-५ च्या मार्गाने किती जागा मिळेल? वेगळ्या पॅरिटीच्या मार्गाने किती?

२. तीन डिस्कांवर अनुक्रमे १, १ व १ हे अंक आहेत. पॅरिटीचा अंक कोणता? दुसरी डिस्क गेल्यास तिचा अंक कसा काढाल?

३. आपल्या घरातील संग्रहापैकी पुन्हा न मिळणारा भाग कोणता, ह्याची वडील मंडळींना विचारून यादी करा.