जठराचं ऑपरेशन आणि मार्करचं बिल

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर बहुधा दोन मार्करची (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांची) नावं असतात: सीईए आणि सीए १९-९. खासगी लॅबमध्ये पहिली साधारण ५०० ते १,००० रुपयांत होते, दुसरी ८०० ते १,८००च्या घरात. सीए ७२-४ त्याहून महाग. डॉक्टरांनी मुद्दाम लिहिली असेल तरच करा. आठ-दहा मार्करचं ‘कॅन्सर पॅकेज’ कोणी गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हणा.

ऑपरेशनआधीची चाचणी मात्र चुकवू नका. तो आकडाच हाती नसेल, तर नंतरचा ताडून पाहायचा कशाशी? आधी चढलेला सीईए चार-सहा आठवड्यांत उतरला तर चांगलं. तसाच राहिला किंवा पुन्हा चढू लागला तर सहसा सीटी स्कॅन सांगतात. त्याचे ५ ते १० हजार वेगळे धरा. बऱ्याच रुग्णांत मार्कर मुळात वाढलेलेच नसतात. त्यांनी दर तीन महिन्यांनी तोच खर्च करायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

लॅब दरवेळी तीच ठेवा. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, सीए १९-९चे तर नाहीच. शंभर रुपये वाचवायला लॅब बदलली की घबराट फुकट मिळते. बिडी-सिगारेटनं सीईए वाढतो, काविळीत सीए १९-९. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा.

‘आता पुढे काय?’ हे घरचे मार्करच्या कागदात शोधतात. आधीचा चढा आकडा आजार परतण्याची शक्यता थोडी जास्त दाखवतो, एवढंच. खरं वजन काढलेल्या जठराच्या बायोप्सी रिपोर्टला: गाठ भिंतीत किती खोल गेली, लिम्फ नोड किती तपासले (निदान १६ हवेत) आणि त्यांतल्या कितींत कॅन्सर निघाला.

मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरच्या चाचण्या ठरावीक दिवसांपुरत्याच धरतात, बहुधा ६० किंवा ९०. चिठ्ठी आणि बिल दोन्ही जपा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन असेल, तर बाहेर रक्त देण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

आणि जठर पूर्ण काढलं असेल तर बी-१२ची इंजेक्शनं जन्मभर लागतात. मार्करपुढे त्यांचा खर्च किरकोळ आहे. ती चुकवू नका.