धारेचे पाणी : हाताच्या ग्राइंडरची मांडणी

आपल्या कार्यशाळेच्या भिंतीवर एक आखूड पात्याची पटाशी टांगलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने ती आपल्या आजोबांच्या पेटीतून आणली होती. धार बोथट झाली म्हणून मी ती विजेच्या ग्राइंडरला लावली आणि काही क्षणांतच तिची कड निळी पडली. मुलगा काही बोलला नाही. चूक माझी होती. निळा भाग घासून काढता काढता पाते आखूड झाले. शाळा सोडताना त्याने ती पटाशी येथेच ठेवली. प्रस्तुत पाठ त्या चुकीतून आलेला आहे.

पाणी का उतरते ?

कार्बन पोलाद लालबुंद तापवून एकदम थंड केले की ते कठीण, पण ठिसूळ होते. ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा सुमारे 200 ते 230 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. हत्याराला पाणी देणे म्हणतात ते या संस्कारासच. घासताना कड याहून अधिक तापली, तर ती मऊ पडू लागते. 300 अंशांच्या आसपास निळा रंग दिसतो. धारेजवळ पोलाद अगदी पातळ असल्याने उष्णतेला पसरण्यास जागा नसते.

विजेच्या ग्राइंडरचे चाक मिनिटाला सुमारे 2850 फेऱ्या घेते. चाकाचा व्यास 150 मिमी असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते. हाताच्या ग्राइंडरवर 600 फेऱ्या मिळाल्या, तर हाच वेग 5 मीटरहूनही कमी राहतो. हा मंदपणाच पोलादाला वाचवतो.

मांडणी

प्रथम बैठक पाहावी. हा ग्राइंडर बहुधा खालच्या शिकंज्याने टेबलाच्या कडेला आवळतात. परंतु टेबल हलके असेल तर हँडल फिरवताना सर्व काही हलते. म्हणून तो जाड फळीवर पक्का बसवावा आणि ती फळी कामाच्या जड बाकाला आवळावी. टेकू साधारण कोपराच्या उंचीवर आला म्हणजे उजव्या हाताने हँडल फिरवणे व डाव्या हाताने हत्यार धरणे सुलभ होते. दातेरी चाकांना तेल द्यावे. दगडावर मात्र तेलाचा थेंबही पडू देऊ नये.

नंतर चाक तपासावे. ते बोटावर अधांतरी धरून पटाशीच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकावे. खणखणीत नाद आला तर ठीक. भद्द आवाज आला तर चाकाला तडा असण्याचा संभव आहे, ते वापरू नये. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढू नयेत. नट चाक घट्ट धरील इतकाच आवळावा. लाकडी हत्यारांसाठी पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे 60 किंवा 80 नंबरचे चाक चांगले. चाक बसवल्यावर बाजूला उभे राहून मिनिटभर नुसतेच फिरवावे. ते डगमगत असेल किंवा त्याचे तोंड गुळगुळीत झाले असेल, तर ड्रेसरने सरळ व खरखरीत करून घ्यावे. गुळगुळीत चाक कापत नाही, नुसते तापवते.

शेवटी टेकू. पटाशीचा उतार साधारण 25 अंशांचा ठेवतात. कोनमापक नसला तरी चालते : उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या 2.4 पट असावी. पाते 3 मिमी जाड असेल, तर उतार सुमारे 7 मिमी भरेल. उतारावर शाई लावून पाते टेकूवर ठेवावे व चाक हाताने किंचित फिरवावे. शाई मध्यभागी पुसली गेली तर टेकू योग्य. धारेकडे पुसली गेली तर कोन मोठा. मागे पुसली गेली तर लहान.

कृती

डोळ्यांवर चष्मा हवाच. चाकाचा पुढचा भाग वरून खाली, धारेकडे येईल अशा दिशेने हँडल फिरवावे. पाते हलक्या हाताने डावीउजवीकडे सरकवत राहावे आणि दोन-चार फेऱ्यांनंतर पाण्यात बुडवावे. हात मंद असला तरी जोर दिल्यास कड तापतेच. एक बोट पात्यावर धारेजवळ ठेवावे. बोटाला ऊन लागले की थांबावे.

अगदी धारेपर्यंत चाकावर घासू नये. केसभर कड निसण्यासाठी राखावी. चाकाच्या गोलाईमुळे उतार मधोमध किंचित खोलगट होतो, म्हणून तेलाच्या दगडावर तो पुढच्या व मागच्या अशा दोन कडांवर स्थिर टेकतो. तेथे निसून, पाठ सपाट ठेवून मागे वळलेली बारीक किनार काढली की धार पुरी झाली. तिची परीक्षा अंगठ्यावर करू नये. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर करावी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोराने निसटलेली पटाशीच हाताला लागते, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

स्वाध्याय

1. चाकावर खडूची खूण करून हँडलच्या एका फेरीत चाकाच्या किती फेऱ्या होतात, ते मोजा.
2. त्यावरून आपल्या हाताच्या गतीने चाकाच्या कडेचा वेग काढा.
3. भिंतीवरची आखूड पटाशी उतरवून तिच्या उताराची लांबी व पात्याची जाडी मोजा, कोन काढा आणि तिला धार लावा. ती आजही उत्तम कापते.