सप्ताहानंतरचा आठवा दिवस

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधी आपल्यापैकी पुष्कळजण श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहाला बसतात. एरवी नऊ वाजेपर्यंत पेपर चाळत बसणारे गृहस्थही त्या आठवड्यात पहाटे स्नान करून पाटावर हजर असतात. आठव्या दिवशी मात्र पोथी वस्त्रात गुंडाळलेली आणि आपण पुन्हा पेपरात! असं का होतं?

पारायणाची आखणी बघा. पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ व्यापर्यंत, पुढे २९, ३५, ३८, ४३ असे मुक्काम. दुसऱ्या दिवशी १२ अध्याय, तर पाचव्या दिवशी फक्त ३, कारण ३६ वा अध्याय चांगलाच मोठा आहे. (रोजचा आचार सांगणारा अध्याय तोच, हेही गमतीचं.) म्हणजे वाटणी आकड्यावर नाही, भारावर केलेली आहे. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आज कुठे थांबायचं तेही ठरलेलं. मनाला विचारत बसायचं कामच नाही. बँकेत दिवसअखेर कॅश जुळल्याशिवाय कॅशियर उठत नाही, ते काही उत्साहाने नव्हे. तो तिथला रिवाजच असतो.

आठव्या दिवशी आपण सगळेच नियम धरून ठेवायला जातो किंवा सगळेच सोडतो. त्यापेक्षा पाट आणि वेळ तीच ठेवावी, भार उतरवावा. पाच ओव्या वाचल्या तरी चालेल, पण बसायचं तिथेच.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच सवय. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी २४ गुरू सांगितले, त्यात ती साळी कांडणारी कुमारी आहे. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या म्हणून तिने एकेक काढल्या. दोन राहिल्या तरी वाजतच होत्या, एक उरली तेव्हा आवाज थांबला. आपण मात्र पहाटेचं उठणं, चालणं, जप, साखर बंद, सगळं एकाच सोमवारी सुरू करतो!

आता घरातली गोष्ट. काउंटरवर असताना नवऱ्याच्या पश्चात आलेल्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या. ठेव कुठल्या शाखेत आहे, नॉमिनेशन कोणाचं, विमा आहे की नाही, बिचारीला काहीच ठाऊक नसायचं. ते गृहस्थ निष्काळजी असत असं नाही, हिशेबाला उलट चोखच. फक्त बायकोला घेऊन कागदपत्रांशी बसायची सवय नसे.

गुरुवार आपल्याकडे पाळला जातोच. संध्याकाळच्या आरतीनंतर दोघांनी अर्धा तास बसावं. एका गुरुवारी नुसत्या ठेवपावत्या, पुढच्या गुरुवारी विमा, मग नॉमिनेशन. पेन्शनरांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, तेही त्याच वहीत टिपावं. आणि वही तिच्या हाताने लिहिलेली असावी, म्हणजे वेळेला तिला ती कोणाकडून वाचून घ्यावी लागत नाही.