डॅशबोर्ड रंगवायचाय? आधी चमक विसरा

डॅशबोर्ड म्हणजे बॉडीचाच आणखी एक पत्रा, असं समजून तो रंगवला की पुढचे घोळ आपोआप होतात. माझ्या 1968 च्या फियाट डिलाइटमध्ये ते झाले. गाडी बाहेरून झकास रंगवणाऱ्या मिस्त्रींनीच आतलं कामही घेतलं होतं. हात त्यांचा सफाईदार, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या लेखी रंग म्हणजे चमक. ‘साहेब, तोंड बघा यात,’ म्हणत त्यांनी किल्ली दिली. दुपारच्या उन्हात गाडी बाहेर काढली, तर समोरच्या काचेत अख्ख्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब उमटलेलं आणि रस्ता त्यातून शोधायचा! अंधार पडल्यावर दिवे लावले, तर मीटर काळोखात आणि पेट्रोलचा काटा जागचा हलेना.

काट्याचं कोडं आधी सांगतो, कारण त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. इलेक्ट्रिशियनने बल्ब बदलला, फ्यूज बदलला, शेवटी टाकीतला फ्लोटही बाहेर काढला. सगळं ठणठणीत. त्या काळच्या गाड्यांत मीटर आणि त्यांचे दिवे पत्र्यातूनच अर्थिंग घेतात. मीटरच्या मागची पट्टी जिथे पत्र्याला टेकते, तिथे मिस्त्रींनी मायेने रंगाचे दोन जास्त हात मारले होते. रंगातून वीज जात नाही. तेवढा रंग खरवडला आणि काटा उठला. म्हणून मीटर खोलण्याआधी बॅटरी सोडवा, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा, मोबाइलवर भरपूर फोटो काढा आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला अर्थिंगच्या सगळ्या जागांवर मास्किंग टेप लावा. जुन्या वायरींचं आवरण कडक झालेलं असतं. ओढाताण केली तर तडकतं.

आता चमकीचं. डॅशबोर्डचा वरचा, काचेखालचा भाग सॅटिन किंवा मॅटच हवा. समोरचा उभा भाग थोडा चमकला तर चालतो. मॅटचं एक पथ्य आहे: तो नंतर पॉलिश करता येत नाही, घासला की तेवढाच डाग चमकू लागतो. तेव्हा फवारताना जो येईल तोच शेवटचा हात. आधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून घ्या, तो काचेखाली ठेवा आणि भर दुपारी सीटवर बसून बघा.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाचं दुखणं वेगळंच निघालं. कुणीतरी पूर्वी त्यावर ब्रशने ऑइलपेंट मारलेला होता. वर ड्युको फवारताच खालचा थर फुगला आणि सगळं झाकण सुरकुतलं. गॅरेजमध्ये स्प्रेच्या कुठल्याही रंगाला ड्युको म्हणतात, त्यामुळे डब्यात काय आहे हे नीट विचारा: एनसी (नायट्रोसेल्युलोज), सिंथेटिक की पीयू (पॉलियुरेथेन). खाली काय आहे ते ओळखायची सोपी युक्ती आहे. एनसीचा थिनर फडक्यावर घेऊन कोपऱ्यात चोळा. रंग फडक्यावर उतरला तर एनसी, सुरकुतला तर ऑइलपेंट, ढिम्म राहिला तर पीयू किंवा भट्टीत भाजलेला रंग. सुरकुतणारा थर पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्याकडे डॅशबोर्डवर गणपती असतोच. त्याच्याखालचा डिंक, अगरबत्तीचा चटका, हळदकुंकवाचे डाग आणि वर्षानुवर्षं चोळलेलं चकचकीत पॉलिश, हे सगळं रंगाखाली जाणार असतं. पॉलिशमधलं सिलिकॉन सगळ्यात वाईट. त्यावर ताजा रंग टिकत नाही, बारीक गोल डोळे पडतात. क्रम महत्त्वाचा: आधी साबणपाणी, मग ग्रीस काढणारं द्रावण, आणि त्यानंतरच वॉटर पेपर. उलट केलंत तर सिलिकॉन घासून घासून पत्र्यात जिरवल्यासारखं होतं.

गाण्यांचा टेप बसवायला पूर्वी कुणी पत्रा कापला असेल तर तिथे पत्रा वेल्ड करून घ्या. नुसती लांबी भरून भोक बुजवणारे खूप भेटतील; फियाटच्या थरथरीने ती लांबी तडकते. भोकांच्या कडांवर रंग पातळच ठेवा, नाहीतर क्रोमच्या कड्या बसत नाहीत आणि दाबून बसवल्या तर टवके उडतात.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा केंद्राने 2016 च्या नियमांनी घातली. तुमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून घासकाम ओलंच करा, कोरडी धूळ उडू देऊ नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्यापुढे तोंडावरचा रुमाल किंवा कागदी मास्क काही कामाचा नाही. ते काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्याकडेच द्या, घरच्या पार्किंगमध्ये करू नका. आणि एनसी असेल तर पावसाळा टाळा. दमट हवेत तो सुकताना पांढरट पडतो. दिवाळीनंतरचा काळ उत्तम.

मूळ छटा हवी असेल तर ती उन्हाने विटलेल्या दर्शनी भागावर शोधू नका. मीटर काढल्यावर त्याच्या मागे किंवा ॲशट्रेच्या खोबणीत ती बहुधा शाबूत सापडते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी कशी दिसत होती, ते तिथे कळतं. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. रंगकामाने तो हक्क जात नाही; डॅशबोर्ड कापून नवा स्क्रीन बसवायच्या फंदात मात्र पडू नका.

गॅरेजशी पैशांचं बोलताना एक अट आधीच घाला. गाडी एकदा भर उन्हात आणि एकदा रात्री, सगळे दिवे लावून, स्वतः चालवून बघितल्याशिवाय शेवटचे पैसे देणार नाही, हे स्पष्ट सांगा. चांगला मिस्त्री या अटीला नाही म्हणत नाही.