माता-बालकांसाठी घरच्या धान्याचे पूरक पीठ

गोंदिया जिल्ह्यात धान हे मुख्य पीक व भात हाच रोजचा आहार. परंतु केवळ भातावर गर्भवती मातेची व वाढत्या बालकाची गरज भागत नाही. तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळीत भरपूर असते. दोन्ही एकत्र घेतल्यास प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

प्रमाण : तांदूळ ४ भाग, तूर किंवा मूग डाळ २ भाग, शेंगदाणे १ भाग.

कृती : बुरशी लागलेले दाणे फेकावेत. सर्व वेगवेगळे भाजून दळावे. पीठ हवाबंद डब्यात ठेवून १५ दिवसांत संपवावे. १०० ग्रॅम पिठातून सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात.

वापर : बालकास सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे. नंतर दुधाच्या जोडीला या पिठाची, चमचाभर तेल घातलेली घट्ट लापशी भरवावी. पातळ पेजेने लहानसे पोट पाण्यानेच भरते.

दक्षता : लाखोळी डाळ यात वापरू नये. तिच्यातील ओडीएपी या घटकामुळे, सतत व अति सेवन झाल्यास, पाय लुळे पडू शकतात. लोहाची उणीव या पिठाने भरून निघत नाही. मातेने आरोग्य सेविकेकडील लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, धुऱ्यावरची तूर बाजारात नेण्यापूर्वी घरच्या माता-बालकांचा वाटा आधी काढून ठेवावा.