पान्हा आणि सुई

आमच्या निपाणी-चिकोडी भागात तंबाखूचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. दुधाचा मात्र वरचेवर. त्यामुळे म्हशीने पान्हा चोरला की घरधन्याचा धीर सुटतो आणि कोठूनशी आणलेली ‘दुधाची सुई’ टोचली जाते. ही सुई आहे तरी काय, हे गोठेवाल्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रेडकू सडाला लागले की त्याची वर्दी म्हशीच्या मेंदूस पोचते. मेंदूच्या तळच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो व एक-दोन मिनिटांत कास पान्हावते. हा रस म्हणजे पेप्टाइड होय; प्रथिने ज्या मण्यांची बनतात, त्यांतल्या अवघ्या ९ मण्यांची ही माळ. अमेरिकेतील द्यू व्हिन्यो यांनी ती १९५३ साली प्रयोगशाळेत ओवली व १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळविले. सुईत असते ते हेच.

गाईच्या कासेत थोडे दूध खालच्या पोकळीत आयते साठलेले असते. म्हशीचे जवळजवळ सारे वरच्या बारीक पुटकुळ्यांत अडून राहते. पान्हा नाही तर दूधच नाही! सुईचा मोह होतो तो येथे. परंतु रोज सुई टोचल्यास कास अंगच्या रसाला पुढे नीट दाद देत नाही, आणि मग सुईवाचून धार निघणे कठीण होते.

औषध वाईट नव्हे. अडलेल्या जनावरास ते उपयोगी पडते. मात्र गर्भाशयाचे तोंड उघडले आहे काय, रेडकू आडवे तर नाही ना, हे डॉक्टरांनी आधी पाहावे लागते. न पाहता दिल्यास गर्भाशय फाटण्याची भीती. मधुमेह झालेल्या कुत्र्यास देतात ते इन्सुलिनही याच जातीचे, ५१ मण्यांचे; डुकराचे व कुत्र्याचे इन्सुलिन तर हुबेहूब एकच. तेही मापूनच द्यावे लागते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे १२ वे कलम दुधासाठी अपायकारक सुई टोचणारास २ वर्षांपर्यंत कैद सांगते. जनावरही सरकारजमा होते. शेजारी काय म्हणतील, एवढाच धाक पुष्कळांना असतो, म्हणून हे सांगितले.

रेडकू दगावले असेल तर वेळ व धार काढणारा हात बदलू नये. पुढ्यात आंबोण ठेवावे, कोमट पाण्याने कास धुऊन सड हलके चोळावेत, गोठ्यात आरडाओरड करू नये. भ्यालेले जनावर पान्हा आखडते. तरीही दूध न उतरल्यास सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.